सुहासला पत्र: बोटीवरचं ड्रिंक पॅकेज घ्यावं का?

सहकारनगर, पुणे
१८ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, "घेऊन टाकू रे पॅकेज, रोज रोज सही करायची कटकट नको." मागून वैशाली वहिनींचा आवाज आला, "पण मी काय पिणार आहे त्यात?" फोन ठेवला तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आज पर्वती उतरून घरी आलो, चहा टाकला आणि कागद-पेन घेऊन बसलो. फोनवर आकडे सांगायला लागलो की तू विषय बदलतोस, तेव्हा हे लिहूनच पाठवतो. सावकाश वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

पॅकेज म्हणजे रोजचे ठरावीक पैसे भरायचे आणि बोटीवर हवं तेवढं प्यायचं. आपल्या तारखांना रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या साइटवर दारूसकटच्या पॅकेजचा दर आज ७० डॉलर दिसतोय. हा माणशी आणि दर दिवशी. त्याच्याखाली बारीक अक्षरात १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे सक्तीची टिप, आहे, म्हणजे झाले ८२ डॉलर ६० सेंट. सफर पाच रात्रींची आणि पॅकेज पूर्ण सफरीचंच घ्यावं लागतं, मधले दोन दिवस वगळून चालत नाही. डॉलर नव्वद रुपये धरला तर तुम्हा दोघांचे चौऱ्याहत्तर हजार होतात. आपण चौघांनी घेतलं तर जवळजवळ दीड लाख! शिवाय बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचा साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो आणि त्यावर जीएसटी.

"तुम्हा दोघांचे" असं म्हणतोय, कारण खरी मेख तिथेच आहे. एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने हे पॅकेज घेतलं, की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. एकाच्या पॅकेजवर दोघांनी प्यायचं नाही म्हणून हा नियम. प्रत्येक ग्लासाला कार्ड स्कॅन होतं. दुसरा खरोखरच पीत नसेल, त्याला औषधपाणी चालू असेल, तर आधी फोन करून विनवून पाहता येतं. कधीकधी ते ऐकतात आणि त्याला बिनदारूच्या पॅकेजवर सोडतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. डेक्कनच्या एजंटकडे गेलो होतो, त्याने यातलं अवाक्षर काढलं नाही. "सर, सगळेच घेतात," एवढंच.

आता पिण्याचा हिशेब. बोटीवर कॉकटेल तेरा-चौदा डॉलरचं, बियर आठ-नऊची, वर तेच १८ टक्के. म्हणजे एका माणसाचं पॅकेज वसूल व्हायला दिवसाला पाच-साडेपाच कॉकटेल किंवा आठ-नऊ बियर लागतात. वहिनी एखादं मॉकटेल आणि एक कापुचिनो घेतील, त्याचे पंधराएक डॉलर. त्यांचे उरलेले पैसे कोणी वसूल करायचे? तू. म्हणजे तुला एकट्याला रोज नऊ-दहा कॉकटेल.

सुहास, तू किती पितोस हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? गणपतीत तू नाशिकहून आलास की आपण आमच्या गच्चीवर बसतो. कांदा, मिरची, लिंबू घातलेले शेंगदाणे असतात, एक मोठी बियर आपण दोन ग्लासांत ओततो, मग दुसरी उघडतो, आणि ती संपेपर्यंत गप्पा एवढ्या रंगतात की ग्लासातली गरम होऊन जाते. सुट्टी आहे म्हणून दोनाचे तीन होतील. रोज तीन कॉकटेल धर, वहिनींचं मॉकटेल-कॉफी धर, पाच दिवसांचे तुम्हा दोघांचे सगळे मिळून तीनशे डॉलरच्या आसपास होतात. सत्तावीस हजार. पॅकेजपेक्षा सत्तेचाळीस हजार कमी.

आणि पाचही दिवस सारखे नसतात. पहिल्या दिवशी बोटीवर चढेपर्यंत दुपार होते. वाटेतल्या पेनांग आणि फुकेत या बंदरांवर आपण सकाळी उतरणार, परतेपर्यंत संध्याकाळ. माझी पुतणी गेल्या वर्षी जाऊन आली. पेनांगला रस्त्यावरची लाक्सा (नूडल्सचं झणझणीत सूप) खाल्ल्यावर परत बोटीवर जायला पाय निघेना, म्हणाली. तेवढा सगळा वेळ पॅकेजचं मीटर चालूच.

बोटीवर फुकट काय मिळतं तेही बघ. पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लेमनेड, आइस्ड टी, न्याहारीला रस. तुझा सकाळचा दोन कप चहा सुटला. वहिनींना रोज तीन-चार वेळा ताजा रस, मॉकटेल, चांगली कॉफी हवी असेल, तर बिनदारूचं पॅकेज वेगळं मिळतं. ते दिवसाला तीसेक डॉलरच्या घरात असतं. पण मला वाटतं तेही नको, सुटं सुटं घेतलेलं परवडेल.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने मान्य. दर ग्लासाला रुपयात गुणाकार करत बसलं की मजा जाते. तू आयुष्यभर सातपूरला पाळ्या करून पैसे साठवलेस, तुझा हात आपोआप आखडतो, ते मला ठाऊक आहे. त्यावर तोडगा असा: तीनशे डॉलर आत्ताच बाजूला काढून ठेव आणि ते खर्च झाले असं समज. मग खुशाल माग, भाव विचारू नकोस. जे दुपारपासून पूलवर बसतात, दिवसाला सहा-सात सहज घेतात आणि जोडीतले दोघेही पितात, त्यांनी पॅकेज जरूर घ्यावं, त्यांना ते स्वस्त पडतं. आपण तसे नाही. आपण घेतलं तर पैसे वसूल करायच्या नादात चौथा, पाचवा मागवू. तुझ्या साखरेचा आकडा मला वहिनींनी सांगितलाय. मला पैशांपेक्षा त्याची धास्ती जास्त आहे, हे स्पष्ट लिहितो.

अजून एक. बोटीवर चढताना प्रत्येक मोठ्या माणसाला ७५० मिलिलिटरची वाइनची एक सीलबंद बाटली नेता येते. बियर आणि कडक दारू चालत नाही. तुमच्या नाशिकची वाइन आण की! विमानात मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेव, पण बोटीवर चढताना हातातल्या बॅगेत घे. खोलीत चौघांनी मिळून उघडू. पस्तीस वर्षांच्या संसारात तू वहिनींना पहिल्यांदा परदेशी नेतोयस, त्या संध्याकाळी टेबलावर आपल्या मातीतलं काहीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

वाचलेल्या सत्तेचाळीस हजारांचं काय करायचं? बाल्कनीची खोली घे. सध्या तू बिनखिडकीची पाहतोयस. वहिनींना पहाटे उठायची सवय. त्या वेळी त्यांना दार उघडून समुद्र दिसला पाहिजे, भिंत नाही. फरक किती पडतो ते मी एजंटला उद्या विचारतो. बहुतेक त्यातच बसेल.

एवढं वाचूनही पॅकेजच हवं असेल, तर बोटीवर जाऊन घेऊ नकोस, तिथे सहसा महाग पडतं. आत्ताच ऑनलाइन घे आणि दरावर नजर ठेव. निघण्याआधी दर उतरला तर जुनं रद्द करून नवीन घेता येतं, पैसे परत मिळतात.

रविवारपर्यंत खोलीचं नक्की कर, त्यानंतर दर वाढेल असं एजंट म्हणतो. आणि या वेळी फोन तू नको, वहिनींना करायला सांग.

तुझा,
मिलिंद