२६ जानेवारीला न नाचण्याचा हक्क

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातील काही ॲबोरिजिनल, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांच्या, कलासंस्था २६ जानेवारीची ‘ऑस्ट्रेलिया डे’ ही राष्ट्रीय सुट्टी साजरी करण्यास नकार देतात, याबद्दल आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने नाराजी व्यक्त केली होती. कलासंस्थांनी कला जोपासावी आणि राजकारण राजकारण्यांवर सोडावे, असा त्या पत्राचा सूर होता. मी बरीच वर्षे सिडनीत राहतो आणि नागरिकत्वाची शपथही मी याच तारखेच्या समारंभात घेतली आहे, त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असे म्हणणार नाही. पण या दिवसाचा आणि ॲबोरिजिनल कलेचा संबंध या संस्थांनी जोडलेला नाही. तो सरकारने जोडला, आणि तोही फार पूर्वी.

कॅप्टन आर्थर फिलिप यांनी २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनी कोव्ह येथे, म्हणजे गडिगल या ॲबोरिजिनल लोकांच्या भूमीवर, ब्रिटिश ध्वज उभारला. ब्रिटनमधून कैद्यांना घेऊन आलेला त्यांचा अकरा जहाजांचा ताफा त्याआधीच काही दिवस बॉटनी बे येथे पोहोचला होता आणि वसाहतीची औपचारिक घोषणा ७ फेब्रुवारीला झाली, त्यामुळे ही तारीखच अटळ होती असेही नाही. सर्व राज्यांत सुट्टी नेमकी याच दिवशी पाळली जाऊ लागली ती १९९४ पासून. त्यापूर्वी ती सोयीने जवळच्या सोमवारी ढकलली जात असे.

या घटनेला १९३८ मध्ये दीडशे वर्षे झाली, तेव्हा सिडनीत फिलिप यांच्या आगमनाचा देखावा उभा करण्याचे ठरले. सिडनीतील ॲबोरिजिनल मंडळींनी त्यात भाग घेण्यास नकार दिला. म्हणून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या मेनिंडीसारख्या ठिकाणांहून काही पुरुषांना आणण्यात आले, रेडफर्न येथील पोलिसांच्या तबेल्यात ठेवण्यात आले आणि फार्म कोव्हच्या किनाऱ्यावर, बोटीतून उतरणाऱ्या गोऱ्यांना पाहून पळून जाण्याची भूमिका त्यांना करावी लागली. आयोजकांनी या सोहळ्यातून कैद्यांना मात्र वगळले होते, कारण शहराच्या प्रतिष्ठेला ते शोभणारे नव्हते. म्हणजे ज्यांना बेड्या घालून आणले होते ते देखाव्यातून गायब आणि ज्यांची जमीन गेली ते अंग रंगवून हजर. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन, विल्यम कूपर, पर्ल गिब्ज आदींच्या पुढाकाराने सुमारे शंभर ॲबोरिजिनल स्त्री-पुरुषांनी ‘शोकदिन’ पाळला आणि पूर्ण नागरिकत्वाच्या हक्कांची मागणी केली. आमचा देश बळकावल्याला आज दीडशे वर्षे होत आहेत, अशा आशयाचे शब्द त्यांच्या ठरावात होते. ज्या दिवशी किनाऱ्यावर त्यांच्याच लोकांकडून अभिनय करवून घेतला गेला त्याच दिवशी सभागृहात हा ठराव संमत झाला, ही गोष्ट ध्यानात घेतली, तर या दिवशी कार्यक्रम न करण्याची भूमिका आजच्या एखाद्या कलासंस्थेने हौसेने शोधून काढलेली नाही, हे पटेल.

पुढे १९८८ मध्ये द्विशताब्दी आली. तिचे उत्तर चाळीस हजारांहून अधिक लोकांनी सिडनीच्या रस्त्यांवर मोर्चा काढून दिले. आणखी एक उत्तर उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँड या प्रदेशातल्या रॅमिंगिनिंग गावच्या कलावंतांनी दिले, आणि माझ्या मते ते अधिक टिकाऊ ठरले. तेथे मृताच्या अस्थी कालांतराने पोकळ, रंगवलेल्या ओंडक्यात ठेवण्याची परंपरा आहे. जॉन मंडाईन यांच्या कल्पनेतून ४३ कलावंतांनी असे दोनशे ओंडके घडवले, १७८८ पासूनच्या प्रत्येक वर्षासाठी एक. त्यांत अस्थी नाहीत. ज्यांचे अंत्यसंस्कार कधी झालेच नाहीत त्या सर्वांसाठी ते आहेत. ओंडक्यांची मांडणी ग्लाइड नदीच्या काठाने राहणाऱ्या कुळांच्या स्थानांनुसार केली असून मधल्या वाटेने नदीसारखे चालत जाता येते. ‘द ॲबोरिजिनल मेमोरियल’ या नावाने ही कलाकृती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. यातून कला कोणती आणि राजकारण कोणते, हे पत्रलेखकांनी वेगळे करून दाखवावे. जेथे चित्रातील रेषा जमिनीची मालकी, कुळ आणि विधी यांची नोंद असते, तेथे जमीन गेल्याच्या दिवसाबद्दल गप्प बसण्याचा सल्ला म्हणजे चित्रच न काढण्याचा सल्ला होतो.

ॲबोरिजिनल समाजात याबाबत एकमत नाही, हे मान्य केले पाहिजे. सिनेटर जॅसिंटा नांपिजिन्पा प्राइस तारीख बदलण्याच्या विरोधात आहेत. दुसऱ्या टोकाला, तारीख बदलून काय साधणार, हा सणच नको, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. सिडनीच्या अधिकृत कार्यक्रमाची सुरुवात आता बारांगारू येथील ॲबोरिजिनल विधी-नृत्याने होते, आणि गेली काही वर्षे त्या पहाटे ऑपेरा हाऊसच्या शिडांसारख्या छतांवर ॲबोरिजिनल कलावंतांची चित्रे उजळलेली दिसतात. काही कलावंत अधिकृत व्यासपीठावर जाऊन आपले म्हणणे मांडतात, काही व्हिक्टोरिया पार्कमधील ‘याबुन’ महोत्सवात, आपल्याच माणसांनी उभारलेल्या मंचावर, गातात, आणि काही संस्था त्या दिवशी कुठेच कार्यक्रम करत नाहीत. यांपैकी एकच मार्ग खरा, असे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक समजतो, कारण १९३८ मध्ये मेनिंडीच्या पुरुषांना तोच उपलब्ध नव्हता. मात्र समाजमाध्यमांवर काळी चौकट लावून इतर दिवशी ॲबोरिजिनल कलावंतांना मानधनासाठी ताटकळत ठेवणाऱ्या बिगर-ॲबोरिजिनल संस्थांची भूमिका मी या पंक्तीत बसवणार नाही.

शपथ घेताना हे सारे मला ठाऊक नव्हते. समारंभात दोन नर्तकांनी नृत्य केले, आम्ही टाळ्या वाजवल्या, ते कोणत्या समाजाचे होते हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

म्हणूनच आपल्याला एक विनंती. दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस अंगावर पांढरे पट्टे रंगवलेल्या नर्तकांचे छायाचित्र वृत्तसंस्थांकडून येते आणि ‘ऑस्ट्रेलियातील पारंपरिक आदिवासी नृत्य’ एवढ्याच ओळीसह छापले जाते. यापुढे ते नर्तक कोणत्या समाजाचे आहेत, आणि छायाचित्र सरकारी सोहळ्यातील आहे, याबुनमधील आहे की निषेधाच्या मोर्चातील, हे त्या ओळीत द्यावे.

आपला,
एक मराठी वाचक, सिडनी