१९५१ चा आकडा जपून वापरा

संपादक महोदय,

२०२७ च्या जनगणनेची चर्चा सुरू झाल्यापासून ‘१९५१ ची लोकसंख्या ३६ कोटी ११ लाख’ हे वाक्य सर्रास छापले जाते. आकडा अधिकृत आहे, पण स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या शिरगणतीत इतकी माणसे मोजलीच नव्हती. त्या वेळच्या अहवालात ३५ कोटी ६९ लाख आहेत. वरचे ४२ लाख मागाहून जोडलेले. जम्मू-काश्मीरमध्ये १९५१ साली गणना झाली नाही, म्हणून १९४१ आणि १९६१ ची सरासरी काढून साडेबत्तीस लाख धरले. गोवा, दमण, दीव तेव्हा पोर्तुगीजांकडे. तिथले सुमारे ६ लाख, पाँडिचेरीचे ३ लाख १७ हजार आणि दादरा-नगरहवेलीचे ४१ हजार धरले, की बेरीज जुळते. आजचा अरुणाचल प्रदेश मात्र त्यात अजूनही नाही.

मोजणीची रीतही निराळी होती. १९३१ पर्यंत एका रात्रीत सारा देश मोजत. १९५१ मध्ये प्रगणक ९ फेब्रुवारीपासून घरोघर फिरले आणि १ मार्चचा सूर्योदय हा संदर्भक्षण धरला. त्यानंतरच्या तीन दिवसांत फेरतपासणी: मधल्या काळात कोणी जन्मले, कोणी वारले, ते दुरुस्त करायचे. या संपूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा. मधे एखादा दिवस जरी घरी आला असेल तर घरीच. माणशी एक चिठ्ठी, तिच्यावर चौदा प्रश्न, आणि वर्गवारी त्या चिठ्ठ्या हाताने वेगळ्या करून. या पद्धतीचा धोका जालंधरला दिसला. तिथल्या कार्यालयाला आग लागली आणि सुमारे २ लाख ८० हजार माणसांच्या चिठ्ठ्या जळाल्या.

सर्वांत जास्त फसगत होते ती स्त्रियांच्या कामाबाबत. १९५१ मध्ये प्रश्न पोट भरण्याचा होता: स्वावलंबी, कमावते पण परावलंबी, की न कमावते परावलंबी. घरच्याच शेतात राबणारी बाई कोणत्या खणात पडेल, हे बरेचसे प्रगणकाच्या समजुतीवर. १९६१ ला निकष बदलला. हंगामाचा बहुतेक काळ रोज तासाहून जास्त काम केले की ती कामकरी. त्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘दहा वर्षांत इतक्या स्त्रिया कामाला लागल्या’ असे लिहिणे चूक आहे.

साक्षरतेचेही तसेच. १९५१ चे १८.३३ टक्के हे पाच वर्षे आणि त्यावरील लोकांचे, तर २०११ चे सुमारे ७३ टक्के सात वर्षे आणि त्यावरील. पाच-सहा वर्षांची, अजून अक्षरओळख नसलेली मुले जुन्या हिशेबात भाजकात आहेत. दोन्ही आकडे शेजारी छापायचे असतील तर तक्त्याखाली वयोमर्यादा देणारी एक ओळ टाकावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे