‘नवे चेहरे हवेत’ छापण्याआधी एक प्रश्न विचारा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘मॉडेलिंगसाठी नवे चेहरे हवेत, अनुभवाची गरज नाही’ अशी जाहिरात अधूनमधून दिसते. खाली फक्त मोबाईल नंबर. रत्नागिरीत माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. असल्या नंबरांवर फोन केलेली मुलं शेवटी माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी लांज्याकडची एक मुलगी आईला घेऊन आली. हातात जाडजूड अल्बम. अंधेरीच्या कुठल्याशा फ्लॅटमध्ये एका दिवसात काढलेले फोटो, त्याचे ३०,००० रुपये मोजलेले. “आंब्याचे पैसे आले होते, म्हणून जमलं,” आई म्हणाली. गाऊनमधले, गॉगल लावलेले, मागे धूर सोडून काढलेले, कोणाच्या तरी बुलेटवर बसलेले फोटो. चेहरा संगणकावर इतका घासला होता की गालावरचा तीळही गेला. “काका, काम कधी मिळेल?” मी अल्बम मिटला आणि आधी तिची उंची मोजली. ५ फूट ३ इंच. फॅशन शोच्या रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण ५ फूट ८ इंच किंवा त्याहून जास्त मागतात. दागिने, साड्यांचे कॅटलॉग, टीव्हीवरच्या जाहिराती यांत उंचीचं एवढं अडत नाही, पण त्यासाठी फोटो वेगळे लागतात. ३०,००० घेणाऱ्याने साधी टेपसुद्धा काढली नव्हती!

खरी एजन्सी काम मिळवून देते आणि त्या मानधनातून आपली टक्केवारी कापते. नवख्या मुलीकडून तिला सुरुवातीला हवे असतात ते अगदी साधे फोटो. या धंद्यात त्यांना ‘डिजिटल्स’ म्हणतात, जुने लोक अजून ‘पोलरॉइड’ म्हणतात. मेकअप नाही, केस एकदा मोकळे आणि एकदा मागे बांधलेले, अंगाला बसणारा बिनछापाचा टी-शर्ट आणि जीन्स. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा, पूर्ण उंचीचा, एक हसरा. सोबत उंची आणि मापं, खरी. तीळ, व्रण, वेडावाकडा दात, सगळं दिसू द्यावं. लपवलं तरी प्रत्यक्ष भेटीत ते दिसणारच.

आणि यासाठी अंधेरी कशाला? पावसाची सर ओसरल्यावर आपल्याकडे मळभाचा जो मऊ, सावल्या न पाडणारा उजेड असतो, तोच मुंबईचे स्टुडिओ महागड्या सॉफ्टबॉक्समधून (दिव्यावर लावायच्या पांढऱ्या कापडी पेटीतून) तयार करतात. एरवी सकाळी पडवीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून उभं राहावं. मागे चुन्याची भिंत चालेल. उघड्या चिऱ्याची नको, तिची लाली चेहऱ्यावर उतरते. भाट्याच्या सुरूच्या बनात सगळ्यांनाच फोटो काढायचे असतात, पण तिथे पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहरा कबरा दिसतो. मांडवीची काळी वाळू उजेड परत फेकत नाही, त्यामुळे डोळ्यांखाली काळोखी राहते. (लग्नाआधीच्या शूटवाल्यांना हे मी किती वेळा सांगितलं, पण त्यांना तिथलाच सूर्यास्त हवा असतो.) मोबाईल जवळ नेला तर नाक मोठं येतं. सहा-सात फूट लांब उभं राहून २एक्स झूम करावं. पूर्ण फोटोला मोबाईल कमरेच्या उंचीवर धरावा, नाहीतर पाय आखूड दिसतात.

पुढे खरा पोर्टफोलिओ, म्हणजे काम दाखवायचा निवडक फोटोंचा संच, लागतोच, नाही असं नाही. पण तो आठ-दहा नेमक्या फोटोंचा असावा आणि कोणत्या प्रकारचं काम हवं ते ठरल्यावर करावा. शिकाऊ फोटोग्राफर आणि मेकअप करणारी मुलं-मुली एकमेकांना फोटो मिळावेत म्हणून फुकटात ‘टेस्ट शूट’ करतात, तशी ओळख काढावी. घरचं मोठं माणूस सोबत न्यावं.

त्या मुलीला मूळ फाइली दिलेल्या नाहीत. मागितल्या तर आणखी पैसे सांगतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम असं आहे की, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटची पहिली मालकी मोबदला देणाऱ्याची, वेगळा करार नसेल तर. या मायलेकींनी मात्र इंग्रजी कागदावर न वाचता सही केली होती. त्या कागदात काय आहे ते आता वकिलाला दाखवायला सांगितलं आहे.

माझी विनंती एवढीच. असली जाहिरात घेताना आपल्या काउंटरवरच्या माणसाने विचारावं, ‘उमेदवाराकडून पैसे घेणार का?’ हो म्हणाले, तर ते किती आणि कशाचे, हे जाहिरातीतच छापावं. शिवाय जाहिरातदाराचं नाव-पत्ताही. गाळा भाड्याने देणाऱ्याच्या जाहिरातीत आपण पत्ता छापताच की.

आपला,
एक स्टुडिओचालक, रत्नागिरी