पकडलेला सकर मासा पुन्हा पाण्यात का सोडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनी धरणात 'दुर्मीळ मासा' सापडल्याची कालची सचित्र बातमी वाचली. तो मासा दुर्मीळ नाही. फोटोत अंगभर हाडांचं कवच आणि खालच्या बाजूला तोंड स्पष्ट दिसतंय. तो सकर आहे, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे शहरातल्या काचेच्या टाक्यांमधून आलेला. तरुणांनी त्याला 'जीवदान' देऊन परत पाण्यात सोडल्याचं आपण कौतुक केलंत, त्याचा मात्र संताप आला. हे जीवदान कुणाच्या जिवावर?

माझे थोरले बंधू भिगवणजवळ होडीवर मासेमारी करतात. मागे एकदा पहाटे जाळं ओढायला मीही गेलो होतो. रोहू-कटला मोजकाच, बाकी सगळे सकर. जाळ्यात अडकला की हा मासा पाठीवरचा आणि बाजूचे काटे ताठ करतो, मग ओढून निघतच नाही. दादांनी विळ्यानं तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, कापत एकेक मासा सोडवला. बोटं रक्तानं माखली, जाळ्याची चाळण झाली. बाजारात याला कुणी विचारत नाही. नव्या जाळ्याचे पैसे आणायचे कुठून? काठावर टाकलेले सकर ऊन चढलं तरी जिवंत होते!

तळाचं शेवाळ खरवडताना हा इतर माशांची अंडीही फस्त करतो. काठाच्या मातीत बिळं करून स्वतःची अंडी मात्र नीट राखतो, त्यानं काठ ढासळतात. कोलकात्याच्या 'भेरीं'मधले, म्हणजे मासे वाढवायच्या मोठ्या तळ्यांमधले, मत्स्यपालक हेच भोगतायत. एकदा बस्तान बसलं की याला हटवणं जवळपास अशक्य, म्हणून येण्याआधीच अडवायला हवा.

विदेशी मांगूर या माशावर २००० साली बंदी आली, तरी उजनीकाठी त्याची तळी चाललीच. शेवटी मत्स्यविभागाला ती नष्ट करावी लागली. बंदी असलेल्या माशाची ही कथा. सकर तर दुकानात बोटाएवढा, 'टाकी साफ करतो' म्हणून उघड विकला जातो. तो फूट-दीड फूट वाढतो हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं? टाकीत मावेनासा झाला की लोक नदीत सोडतात, आणि पुण्यात मुळा-मुठेत सोडलेलं सगळं भीमेतून आमच्याकडेच येतं. नको झालेला मासा दुकानदारानं परत घेतलाच पाहिजे, असा नियम करा. जाळ्यात आलेला सकर शासनानं किलोवर विकत घ्यावा, म्हणजे मच्छीमार तो परत पाण्यात फेकणार नाही.

आणखी एक. आपल्या रविवारच्या पुरवणीत फिश टँक कोणत्या दिशेला ठेवला की घरात पैसा येतो, यावर अर्धं पान होतं. टाकीतले मासे नदी, तळं, विहिरीत सोडू नका, एवढी एक ओळ त्यात बसली नसती? उजनीवर शेकडो मच्छीमार कुटुंबांचं पोट आहे.

कालच्या बातमीची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच फोटोसह छापावी आणि सकर हाती लागल्यास पाण्यात सोडू नये असं ठळक लिहावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. इंदापूर