काल्हेरच्या गोदामांमागे खाडी आहे साहेब, तिचा वापर करा

मा. बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, मी राहतो ठाण्यात कासारवडवलीला आणि भिवंडीजवळच्या काल्हेरच्या एका गोदामात डिस्पॅच बघतो. परवा घोडबंदर रोडवर गायमुख घाटात कंटेनर बंद पडला आणि आमची गाडी त्याच्या मागे चार तास अडकली. ड्रायव्हर फोनवर वैतागलेला आणि मी गोदामामागे उभा, समोर खाडी भरतीने काठोकाठ भरलेली, आणि एवढ्या पाण्यात एक मासेमारीची होडी सोडली तर काहीच नाही.

2016च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यातला 53 नंबरचा आपला, कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी धरून 145 किमी. पण बातमी येते ती प्रवासी बोटींचीच. मालाचं बोला ना साहेब. एक हॉर्सपॉवर रस्त्यावर 150 किलो नेते, रेल्वेवर 500 आणि पाण्यावर 4000, हा हिशोब सरकारी कागदांतलाच आहे. वजन पाणी उचलतं, इंजिनाला फक्त सावकाश ढकलायचं असतं. 2000 टनांचा एक बार्ज (सपाट तळाची मालबोट) म्हणजे 20 टनांचे 100 ट्रक घोडबंदरवरून कमी.

माझे बाबा रेतीच्या बोटीवर होते. भरती लागली की बोट सोडायचे, अर्धं डिझेल पाणीच वाचवतं म्हणायचे, आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत बोट गाळात बसली की पुढच्या पाण्याची वाट बघत तिथेच भात शिजवायचे. त्यामुळे अडचणी मला माहीत आहेत, गाळ आहे, पुलांची उंची आहे, बार्ज हळू चालतो. ऑनलाइन ऑर्डरचा माल त्यावर नकोच. पण सिमेंट, सळया, खडी, मेट्रोचा राडारोडा यांना कसली घाई? तिकडे रायगडात अंबा नदीत धरमतरपर्यंत कोळसा आणि लोहखनिज बार्जनेच येतंय, गोव्यात मांडवी-झुआरीतून खनिज वर्षानुवर्षं तसंच गेलं, मग आपल्याकडेच का नाही?

सगळं एकदम नको. उधाणाला आणि भांगाला कुठे किती पाणी राहतं आणि कुठल्या पुलाखालून किती उंचीचा बार्ज जातो ते मोजून आकडे लोकांसमोर ठेवा, कांदळवनाला धक्का न लावता जुन्या रेतीबंदरांपैकी एका ठिकाणी मालाचा धक्का आणि क्रेन द्या, आणि एक पावसाळा सोडून वर्षभर बांधकामाचा माल बार्जने आणून बघा. मोजणीला आमच्या गोदामामागे माणसं पाठवलीत तर बाबा अजून आहेत, खाडीत खडक कुठे आणि गाळ कुठे ते बोट ठेवून दाखवतील.

आपला,
कासारवडवलीचा एक रहिवासी