सूचना : जिरामधले फिल्टर शनिवारपूर्वी नीट करून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार.

शनिवारच्या बैठकीत सातपूर आणि अंबडच्या कामांचा आढावा जिरा या कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरवरूनच, म्हणजे अटी लावून काढलेल्या यादीवरूनच, घ्यायचा आहे. म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग फिल्टर लावा. ‘या आठवड्यात मुदत संपणारी, अजून न झालेली कामं कोणती?’ एवढा एक प्रश्न पुरे. दहा अटी घातल्या की यादी छोटी दिसते, पण नेमकं अडलेलं काम त्यातून निसटतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ‘अमुक सभासद सोडून बाकी सगळे’ असा फिल्टर लावला, की ज्या कामावर कुणाचंच नाव नाही तेही यादीतून गळतं. आणि तीच कामं सगळ्यात जास्त रखडतात. तेव्हा ‘किंवा नाव रिकामं’ ही अट सोबत जोडाच.

लेबल, म्हणजे कामाला ओळखीसाठी लावायचा शब्द, हातानं टाइप होतं, त्यामुळे ‘अंबड’ आणि ‘अंबड-एमआयडीसी’ ही जिराला दोन वेगळी लेबलं वाटतात. यापुढे फक्त ‘अंबड’ आणि ‘सातपूर’ वापरा. जुनी लेबलं ज्यानं त्यानं बदलावीत.

सेव्ह केलेला फिल्टर ग्रुपला शेअर झालाय ना, तेही बघा. अडलं तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथंच विचारा.