मायक्रोस्कोप मुलांच्या हातात द्या

महोदय,

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या भागातल्या शाळांत मायक्रोस्कोप कपाटाबाहेर निघतो. सर फोकस करून ठेवतात, मुले रांगेने येऊन एक डोळा मिटतात, 'दिसलं' म्हणतात आणि पुढे सरकतात. यंत्राला हात लावायला मनाई. महागाची वस्तू मोडेल ही भीती खरी आहे, पण ती घालवायला एक तास पुरतो. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे रक्तनमुने तपासण्यात माझी सारी नोकरी झाली, त्या बळावर हे लिहितो आहे.

मोडतोड बहुधा एकाच कारणाने होते. मूल आयपीसला, म्हणजे वरच्या भिंगाला, डोळा लावून फोकसचा मोठा स्क्रू फिरवत राहते आणि भिंग काचेवर टेकते. म्हणून आधी डोळे स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पट्टीच्या, पातळीवर आणून, बाजूने पाहत, लो पॉवरचे ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचे भिंग) स्लाइडजवळ न्यावे. मग आयपीसमधून पाहताना स्क्रू फक्त उलटा, अंतर वाढेल असा फिरवावा. चित्र आले की छोटा स्क्रू. त्यानंतरच ४५ एक्सचे ऑब्जेक्टिव्ह 'टक्' होईपर्यंत वळवायचे. तिथे मोठ्या स्क्रूला हात नाही, कारण भिंग आणि काच यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा उरते.

आरशाचा मायक्रोस्कोप जुना म्हणून अडगळीत टाकू नका. पावसाळ्यात वीज गेली की खिडकीपाशी तोच चालतो. कंडेन्सर (स्टेजखालचे, उजेड एकवटणारे भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू, नसेल तर अंतर्गोल. आरसा मोकळ्या आकाशाकडे वळवावा, सूर्याकडे कधीच नाही. डोळ्याला इजा होते. कधी पेशींवर खिडकीचे गज उमटलेले दिसतात, तेव्हा कंडेन्सर किंचित खाली घ्यावा, गज विरून जातात. कांद्याचा पापुद्रा फिका दिसला तर उजेड वाढवू नये, उलट डायफ्रॅम, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, थोडा मिटावा. पेशीभित्तिका लगेच उठून येतात.

१०० एक्सवर तेलाचा थेंब टाकून आम्ही फाल्सीपेरम या हिवतापाच्या परजीवीची बारीक रिंग शोधायचो. नमुना निगेटिव्ह म्हणण्याआधी १०० फील्ड (एका वेळी भिंगातून दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) पाहायची, आणि छोटा स्क्रू सतत हलता ठेवायचा, कारण रक्ताच्या जाड थरात सगळे एकाच पातळीवर दिसत नाही. हे बोटांना यावे लागते, वहीतल्या आकृतीने येत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आमच्याकडे गावोगाव आहेत. रक्तातली ती विळ्यासारखी पेशी स्वतः फोकस करून पाहिलेल्या मुलीला तो आजार कुणाच्या नजरेचा किंवा करणीचा वाटणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की परीक्षेत फोकस न केलेलाच मायक्रोस्कोप द्यावा आणि तो लावण्याला गुण द्यावेत. स्लाइडला खर्च नाही. कांदा आणि धानाच्या बांधीतले पाणी पुरे. धानोरा तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत येऊन एक दिवस शिकवायला मी तयार आहे, मानधन नको.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ता. धानोरा, जि. गडचिरोली